चौथ्या मजल्यावरचं निशाण

आमच्या गावच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण भवनात, तळमजल्यावर, शीतपेयांच्या यंत्राशेजारी एक काचेची पेटी आहे. आत एक निशाण उभं आहे. लाल सॅटिनचं कापड, मधोमध उंटांवर बसलेल्या तीन राजांचं चित्र, भोवती प्लास्टिकची फुलं आणि खाली रंगीत फितींचा झुबका. पेटीवर चार भाषांत पाटी आहे आणि चारही भाषांत 'जिवंत परंपरा' असे शब्द आहेत. पेटीला कुलूप आहे.

हे निशाण तिथे कसं पोचलं ते मला माहीत आहे, कारण त्या वर्षी आमच्या जिन्याची प्रमुख मी होते. प्रमुख या शब्दाने कोणी दबून जाऊ नये. आमच्या दान्चीत, म्हणजे सरकारी वसाहतीत, हे पद प्रत्येक बिऱ्हाडाकडे आळीपाळीने येतं. कचऱ्याच्या जागेवर कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून घालतात ती जाळी नीट पसरायची, नोटिशींची फळी शेजारच्या दारी पोचवायची आणि वसाहतीच्या बैठकीत वेळेवर मान डोलवायची. एवढ्या अधिकारावर मी वर्ष काढलं.

पुण्यामुंबईहून आलेली मंडळी बहुधा टोकियोकडे, ओजिमात किंवा उरायासुत राहतात. तिथे कढीपत्ता मिळतो आणि मंडळ असतं. माझ्या नवऱ्याचं काम मात्र गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात असल्यामुळे आम्ही नागोयाच्या पूर्वेला या गावी येऊन पडलो. वसाहतीत निम्मे लोक ब्राझीलचे. त्यांच्या आज्यापणज्यांनी जपान सोडून तिकडे कॉफीच्या मळ्यांवर मजुरी केली, आणि ही नातवंडं उलटी इथे येऊन कारखान्यांत मजुरी करतात. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

निशाण पहिल्यांदा पाहिलं ते आम्ही राहायला आलो त्या हिवाळ्यात. नाताळ उलटला होता. दुपारी जिन्यात गिटारसारखं काहीतरी आणि ढोलकं वाजू लागलं. ढोलक्याचा आवाज दबका होता, कारण त्यावर टॉवेल बांधला होता. तशी वसाहतीची अट होती. मी काय आहे ते बघायला दार उघडलं आणि फसले. उघडलेल्या दारावरून निशाण पुढे जात नाही, असा त्यांचा नियम आहे हे मला कोण सांगणार? पाहता पाहता आठ-दहा माणसं बूट काढून आत आली. सगळ्यात पुढे निशाण, सगळ्यात मागे मुखवटा घातलेला सोंगाड्या.

त्यांनी निशाण माझ्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, घरभर फिरव. मी फिरवलं. स्वैपाकघर, निजायची खोली, कपड्यांचं कपाट. नवरा बैठकीच्या खोलीत कमरेच्या वर शर्ट-टाय आणि कमरेखाली पायजमा अशा वेशात ऑनलाइन मीटिंगमध्ये होता. त्याच्या पाठीमागून तीन राजे उंटांसकट गेले. पडद्यावरून साहेबांनी अदबीने विचारलं की आज आपल्याकडे काही समारंभ आहे का.

"हो," नवरा म्हणाला. "आम्हालाही आत्ताच कळलं."

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. वसईला माहेरी गौरी आणायच्या दिवशी मी अशीच त्या घेऊन घरभर हिंडायची, ही बघ चूल, हे बघ तांदळाचे डबे, असं म्हणत. हात आपोआप त्याच उंचीवर गेले होते. माझा देवावर फारसा विश्वास नाही, आणि देवांच्या व्यवस्थापकांवर तर मुळीच नाही. पण घर दाखवून झाल्यावर मी त्या लोकांना शंकरपाळे दिले, आणि सोंगाड्याने मुखवट्याखालून हात घालून ते सगळे संपवले.

या फिरत्या मेळ्याला ते फोलिया म्हणतात. नाताळपासून तीन राजांच्या दिवसापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, मेळा दारोदार जातो. बाळ येशूला शोधत निघालेले राजे घरोघर विसावा घेतात, अशी ती कल्पना. मुख्य गाणाऱ्याला मेस्त्री म्हणतात. आमचा मेस्त्री आणि त्यांचा मेस्त्री एकाच पोर्तुगीज गलबतातून उतरले असणार. हे मेस्त्री सत्तरीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांना लहानपणी कोबेच्या बंदरातून बोटीत बसवलं होतं. ते स्वतः ब्राझीलच्या आतल्या मुलखात शेजाऱ्यांकडून ही गाणी शिकले आणि चाळिशीत निशाण सुटकेसमध्ये घालून इथे आले. आम्ही जपानीत बोलत असू. ती भाषा आम्हा दोघांचीही उसनी, त्यामुळे कोणी कोणाला शिष्टपणा दाखवू शकत नसे.

मेळ्याचं जेवण चौथ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारी असे. तिथे एक आजी एकट्या राहायच्या. त्यांची जपानी त्यांच्या आईवडिलांनी शंभर वर्षांपूर्वी गावाहून ब्राझीलला नेलेली. दुकानातली मुलं ती ऐकून गोंधळून जात. मला त्या ओकुसान म्हणायच्या, म्हणजे घरच्या बाईसाहेब. मी मोठी आहे असं इथे समजणाऱ्या त्या एकट्याच.

एकदा मी विचारलं, दरवर्षी एवढ्या लोकांचा स्वैपाक कशासाठी करता?

"नवस आहे," त्या म्हणाल्या. "मुलाचा हात यंत्रात गेला होता. मी राजांना म्हटलं, हात राहू द्या, सात वर्षं तुमचं निशाण माझ्या घरी जेवेल."

"राहिला हात?"

"तीन बोटं राहिली. राजेही तीनच आहेत. त्यांनी त्यांच्या ऐपतीप्रमाणे दिलं."

मुलगा पुढे ब्राझीलला परत गेला. आजी रोज संध्याकाळी त्याला व्हिडिओ फोन लावून आधी हात दाखवायला सांगायच्या, मग तब्येत विचारायच्या. सात वर्षं पुरी झाली नाहीत तर राजे दिलेलं परत घेतील, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मी जिन्याची प्रमुख झाले तेव्हा सहा वर्षं झाली होती. एकच जेवण उरलं होतं.

आणि त्याच वर्षी पुढाऱ्यांनी परंपरा टिकवायचं मनावर घेतलं.

ब्राझिलियन संघाचे अध्यक्ष हे किराणा दुकानाचे मालक होते आणि कारखान्यांना माणसंही पुरवत. मी मंडळांचे अध्यक्ष पाहिलेली बाई आहे. दरवर्षी आम्ही शिनकानसेन या वेगवान गाडीने ओजिमाच्या गणपतीला जातो. तिथे गणपती सोयीच्या रविवारी बसतो, त्याच रविवारी उठतो, मुलांच्या फुगवायच्या टबात विसर्जन पावतो, आणि या सगळ्यात सगळ्यात मोठं असतं ते अध्यक्षांचं भाषण. त्यामुळे हे अध्यक्ष वसाहतीच्या बैठकीत कोट घालून उभे राहिले तेव्हाच मला टब दिसला.

"दारोदार हिंडणं यंदापासून बंद," ते म्हणाले. "तक्रारी येतात, माणसं शिफ्टवर असतात, तरुण मुलं जिने चढायला तयार नाहीत. आता आपण एक पायरी वर जायचं. मंचावर! डिसेंबरच्या एका रविवारी, देवाणघेवाण भवनात. उपमहापौर येणार आहेत."

"राजांचा दिवस जानेवारीत असतो ना?" मी विचारलं.

"जानेवारीत उपमहापौर मोकळे नाहीत."

जपानी शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मेस्त्री खाली बघत बसले होते. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की कार्यक्रमानंतर मेस्त्री आपलं निशाण शहराला भेट देणार आहेत, म्हणजे ते कायमचं जपलं जाईल. टाळ्या झाल्या. मेस्त्रींनीही वाजवल्या.

मी जिन्याची प्रमुख, म्हणून हे समोरच्या दारी सांगायचं माझ्याकडे आलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"ते म्हणतात, तुम्हाला गाडीने नेऊ," मी म्हटलं. "पुढच्या रांगेत बसवू. तिथेच तुमच्या हातात निशाण देऊ."

"निशाण घराकडे येतं, ओकुसान. घर उठून निशाणाकडे जात नाही."

हे मी अध्यक्षांना कळवलं. दोन दिवसांनी त्यांचा उलट निरोप आला की त्याचीही सोय झाली आहे. मंचावरच एक घर बांधणार. ब्राझीलच्या खेड्यातलं, खरंखुरं उघडणारं दार असलेलं. दाराआड आजी उभ्या राहतील आणि निशाणाचं स्वागत करतील.

नवरा हे ऐकून खूप हसला. मग म्हणाला, "पण अगं, आपण तरी काय वेगळं करतो? आपल्याकडे गौरी शनिवारी जेवतात. गुरुवार असला तरी शनिवारी."

"आपला नवस नाही."

"म्हणजे नवस असता तर गुरुवारी रजा घेतली असतीस?"

मी उठून मोरीकडे गेले. त्याचं बरोबर असलं की मी भांडी घासायला लागते.

आजी तयार झाल्या त्या मेस्त्रींमुळे. ते एका दुपारी चार जिने चढून आले आणि आत बराच वेळ पोर्तुगीजमध्ये बोलत बसले. बाहेर पडले तेव्हा मी नोटिशींची फळी घेऊन जिन्यात उभी होते. मी विचारलं, "निशाण देऊन का टाकता? तुमचं आहे ना?"

"माझ्या मुलांना गाणी येत नाहीत," ते म्हणाले. "मी गेलो की ती येतील आणि घर रिकामं करतील. निशाणाचा दांडा लाकडी, कापड सॅटिनचं, फुलं प्लास्टिकची. जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचं की न जळणाऱ्यात, यावर त्यांची भांडणं होतील. पेटीत निदान राहील तरी."

अध्यक्षांच्या बोलण्यातली हवा मला काढता येते, पण या माणसाचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

"आजींना काय सांगितलंत?"

"मंचावर या म्हटलं. सहा जानेवारीला घरीही येईन म्हटलं."

"निशाण घेऊन?"

"बघतो," मेस्त्री म्हणाले, आणि कठडा धरून उतरायला लागले.

मंचावरचं घर थर्माकोलचं होतं. थर्माकोल दिसला की मला गणपतीचं मखर आठवतं, त्यामुळे मी लगेच रुळले. भिंतीवर केळीचं झाड रंगवलं होतं, आत चूल रंगवली होती, चुलीवर रंगवलेलं पातेलं. दाराला मात्र खऱ्या बिजागऱ्या होत्या. प्रेक्षकांत पहिल्या दोन रांगा कोटवाल्यांच्या. भाषणं झाली. उपमहापौर सहजीवनाबद्दल बोलले. अध्यक्ष मुळांबद्दल बोलले. मग मेस्त्री आणि मेळा बाजूने मंचावर आले. यंदा ढोलक्यावर टॉवेल नव्हता, आणि तो आवाज इतका मोठा निघाला की वाजवणारा स्वतःच दचकला.

मेस्त्रींनी बंद दारासमोर उभं राहून घरात घ्या अशी विनवणी गायली. त्यांचा आवाज उतरला होता, पण ते मनापासून गात होते. माझ्या शेजारचा एक जपानी गृहस्थ डोळे पुसत होता. दार उघडलं. आजी जांभळा ठेवणीतला स्वेटर घालून उभ्या होत्या. त्यांनी निशाणाकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं, तर घरात रंगवलेल्या चुलीजवळ उपमहापौर आधीच येऊन उभे होते, छातीवर कागदी फूल लावून. आजी मेस्त्रींना दोन वाक्यं बोलल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

निवेदिकेने माइक उचलला. "ही तिकडची प्रथा आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "घरमालकीण आधी नकार देते." टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढचं उपमहापौरांनी केलं. त्यांनी स्वतः दार उघडलं, कमरेत वाकले आणि समोरच्याचं व्हिजिटिंग कार्ड घ्यावं तसं दोन्ही हातांनी निशाण घेतलं. उघडलेल्या दारावरून निशाण पुढे जात नाही. ते आत गेलं. कॅमेरे चमकले, आणि तिथूनच ते भवनाच्या माणसांच्या ताब्यात गेलं.

आजी मागच्या बाजूने उतरून माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

"काय म्हणालात त्यांना?" मी हळूच विचारलं.

"म्हटलं, ही चूल चित्रातली आहे. सहा तारखेला माझ्या घरी या."

अध्यक्ष घाम पुसत आमच्याकडे आले. "आजी, ते दार लावणं फार सुंदर झालं!" ते म्हणाले. "पुढच्या वर्षीही ठेवू या."

जानेवारीत सुट्ट्या संपून भवन उघडल्याबरोबर मेस्त्री तिथे गेले. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पेटीत हवेचा ओलावा मोजून ठेवलेला आहे, असं तिथल्या अधिकाऱ्याने नम्रपणे समजावलं. निशाण बाहेर काढायचं तर संघाच्या अध्यक्षांनी विचारायला हवं. अध्यक्ष सुट्टीसाठी ब्राझीलला गेले होते. आणि अशी नाजूक वस्तू, अधिकारी म्हणाला, स्वैपाकघराच्या वाफेत न्यावी असं आपल्याला तरी वाटतं का?

सहा तारखेला सकाळपासून समोरून घेवड्याचा, लसणीचा आणि कोंबडीचा वास येत होता. दुपारी आजींनी माझ्याकडून घडीच्या खुर्च्या नेल्या.

"किती माणसं?" मी विचारलं.

"मेळा येतो तेवढी."

उन्हं उतरताना जिन्यात पावलं वाजली. दोनच माणसं होती. मेस्त्री आणि त्यांचा ढोलकंवाला, ढोलक्यावर पुन्हा टॉवेल. मी दार उघडलं. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझं दार उघडं असून काही बिघडणार नव्हतं, कारण अडायला निशाणच नव्हतं.

त्यांनी गायला सुरुवात करण्याआधीच आतून आजींचा आवाज आला. मलाही कळावं म्हणून असेल, त्या जपानीत बोलल्या.

"निशाण आहे का?"

"नाही," मेस्त्री म्हणाले.

"मग कोण आलंय?"

मेस्त्रींनी तार छेडली आणि ते गाऊ लागले, तीच घरात घेण्याची विनवणी, मंचावर गायली तशीच, पण इथे भिंती अगदी अंगावर आलेल्या असल्यामुळे तिचं भजन कमी आणि गाऱ्हाणं जास्त वाटत होतं. लोखंडी दार बंद राहिलं. माझा फोन वाजला. तळमजल्यावरचे म्हातारे गृहस्थ होते. फार संकोचाने त्यांनी विचारलं की जिन्यात कोणी गातंय का, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे हा कार्यक्रम आता भवनात हलवला आहे.

"हो, हलवलाय," मी म्हटलं. "संपेल एवढ्यात."

मी काही न करताच तो संपला. मेस्त्री शेवटच्या कडव्याला थांबले, दारापुढे टोपी काढली, पुन्हा घातली. मी त्यांना आत चहाला बोलावलं. ते नको म्हणाले. ढोलकंवाल्याला रात्रपाळी होती.

थोड्या वेळाने आजींनी खुर्च्या परत आणून दिल्या, जशा नेल्या तशाच घडी केलेल्या.

"तुम्ही तरी जेवलात का?" मी विचारलं.

"राजांच्या आधी कसं जेवणार?"

"आजी, मेस्त्री स्वतः आले होते. ते चालत नाही का?"

"मेस्त्री चांगला माणूस आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या मुलाचा हात त्याने नाही वाचवला."

दुसऱ्या दिवशी जळणाऱ्या कचऱ्याचा वार होता. आमच्या गावच्या पिशव्या अर्धपारदर्शक असतात, आत काय आहे ते शेजाऱ्यांना दिसावं म्हणून. आजी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना उतरत होत्या. मी त्यांच्या हातून घेतल्या. फार जड होत्या. घेवडा, भात, हाडांवरचं मांस, भोपळ्याचा गोड पदार्थ, सगळं एकमेकांना चिकटून प्लास्टिकला लागलं होतं. मी पिशव्या जाळीखाली सरकवल्या आणि कडा दगडांनी दाबल्या. कावळे तारेवर येऊन बसलेच होते.

"ओकुसान," आजींनी विचारलं, "काचेचा वार कुठला?"

"काच न जळणाऱ्यात. महिन्यातून एकदा. फळीवर लिहिलेलं असतं."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात तर काचेचं काही फुटलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी समोरच्या दाराआडून त्यांचा फोनवरचा आवाज आला. मला पोर्तुगीज येत नाही, पण एवढ्या वर्षांत ते एक वाक्य मी ओळखायला लागले होते. हात दाखव. मुलगा हसत काहीतरी म्हणाला. आजींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. मग आणखी एकदा.